घोरपड होती कशावरून? मुलांच्या टोळीने लावलेला इतिहासाचा छडा

इतिहासाच्या पेपरच्या आदल्या रात्रीचं घर तुम्ही नक्की पाहिलं असेल. मूल पुस्तकावर कपाळ टेकवून बसलेलं आणि आई एका हाताने पोळी लाटत, दुसऱ्या हाताने प्रश्नसंच धरत विचारतेय, "तह कधी झाला? सन सांग, सन!" सन सांगितला जातो, पेपरात उतरतो आणि पेपर संपल्यावर रिक्षात बसेपर्यंत विसरलाही जातो. माझ्या घरात हेच नाटक चार वर्षं चाललं. नववीत गेल्यावर लेकीने जाहीर केलं, "दहावी झाली की मी या विषयाचं तोंडसुद्धा बघणार नाही." मला वाईट वाटलं, पण दोष तिला देता येईना. तिच्या वाट्याला आलेला इतिहास म्हणजे दुसऱ्यांनी आधीच सोडवून ठेवलेलं गणित होतं. तिने फक्त उत्तर पाठ करायचं.

मग एका दिवाळीत पाच मुलांनी मिळून एक किल्ला केला आणि चित्र बदललं. तुमच्या घरात, इमारतीत किंवा शाळेतही हे होऊ शकतं, म्हणून ही हकीकत सांगतेय.

आम्ही चेन्नईत राहतो. इथे दिवाळीत किल्ला करायची पद्धत नाही. पुण्या-साताऱ्याकडे सहामाही परीक्षा संपली की मुलं विटा आणि माती गोळा करू लागतात, पोतं भिजवून चिखलात घोळवतात, त्यावर अळीव पेरतात आणि मावळ्यांसाठी आईकडे पैशांचा हट्ट धरतात. लेकीने हे फक्त आजोळी पाहिलेलं. जुलै 2025 मध्ये मराठ्यांच्या बारा किल्ल्यांचा जागतिक वारसा यादीत समावेश झाला. त्यातले अकरा महाराष्ट्रातले आणि बारावा जिंजी, म्हणजे तमिळनाडूतला, आमच्यापासून दीडशे किलोमीटरच्या आसपास. बातमी वाचून ती म्हणाली, "या दिवाळीत इथे किल्ला करू, जिंजीचा." एकटीला जमणारं काम नव्हतं. तिने इमारतीतली पोरं जमवली. सहावीतला एक तमिळ मुलगा, आठवीतल्या मल्याळी जुळ्या बहिणी आणि कुणी बोलावलेलं नसताना आलेला दुसरीतला एक छोटू.

पहिल्याच बैठकीत भांडण झालं. लेक म्हणाली, "हा आमचा किल्ला. इथे राजाराम महाराज राहिले." सहावीतला मुलगा उसळला, "तो आमचा सेंजी कोट्टै आहे. तिथला राजा देसिंगु. माझ्या पाटीला सगळी गोष्ट पाठ आहे." पाटी म्हणजे आजी. ही म्हणते महाराज, तो म्हणतो देसिंगु. शेवटी जुळ्यांपैकी एक वैतागून इंग्रजीत म्हणाली, की तुम्ही दोघं हे कशाच्या आधारावर बोलताय ते आधी सांगा. लेकीने त्याचं मराठी केलं, "कशावरून?" हा शब्द सगळ्यांना इतका आवडला की तमिळ आणि मल्याळी जिभांवरही तो बसला. पुढचा महिनाभर आमच्या जिन्यात "कशावरून, कशावरून" असा गजर चालू होता. छोटू तर लिफ्ट उशिरा आली तरी "कशावरून?" विचारायचा.

प्रत्येकाकडे एक तुकडा

इथे मी माझी चूक सांगते, म्हणजे तुम्ही ती करणार नाही. मदत म्हणून मी जिंजीच्या सगळ्या तारखांचा एक सुरेख रंगीत तक्ता छापून आणला. कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. दोन दिवसांनी छोटूने त्याचं विमान केलं. मग मला एक जुना प्रयोग आठवला.

1971 मध्ये अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात, ऑस्टिन शहरात, गोरी, कृष्णवर्णीय आणि लॅटिनो मुलं शाळांत नुकतीच एकत्र बसू लागली होती. वर्गात रोज खटके उडत. इलियट अ‍ॅरनसन या मानसशास्त्रज्ञाने आणि त्याच्या विद्यार्थ्यांनी साधा उपाय केला. मुलांचे लहान गट पाडले आणि धड्याचे तुकडे करून गटातल्या प्रत्येक मुलाला एकच तुकडा दिला. पूर्ण धडा कुणाकडेच नाही. परीक्षा मात्र सगळ्या धड्यावर. म्हणजे ज्या मुलाला आजवर कुणी विचारत नव्हतं, त्याचंही नीट ऐकणं भाग पडलं, कारण त्याच्या तुकड्याशिवाय चित्र पुरं होत नव्हतं. या पद्धतीला 'जिगसॉ' म्हणतात आणि ती आज अनेक देशांत वापरली जाते. तुम्ही ज्याला शाळेतलं 'ग्रुप प्रोजेक्ट' म्हणून ओळखता, ज्यात एक हुशार मुलगी सगळं लिहिते आणि बाकीचे शेवटी नाव घालतात, त्याच्या हे अगदी उलट आहे.

आम्ही हेच केलं. पाच मुलांना पाच खाती. लेकीकडे कागदपत्रं, सहावीतल्या मुलाकडे माणसं आणि गोष्टी, जुळ्यांपैकी एकीकडे बांधकाम, दुसरीकडे पाणी आणि धान्य. छोटूला काय द्यायचं यावर बराच खल झाला. शेवटी त्याला झेंडे दिले आणि वर एक नियम केला: जे छोटूला समजणार नाही, ते किल्ल्यावर जाणार नाही. हा नियम त्या सगळ्या खेळाचा कणा ठरला. मोठी मुलं पुस्तकातली वाक्यं जशीच्या तशी म्हणू लागली की छोटू सरळ उठून सायकल चालवायला जायचा. मग पुन्हा सोपं करून सांगायचं. तुम्ही कुणाला शिकवायला बसलात की आपल्यालाच किती कळलं नाही ते समजतं, नाही का? मुलांचंही तसंच झालं.

पाणीखात्याने सगळ्यात चांगला प्रश्न काढला. मुघलांचा सेनापती झुल्फिकारखान 1690 पासून जिंजीला वेढा घालून बसला आणि गड त्याच्या हाती आला 1698 मध्ये. तिने विचारलं, "इतकी वर्षं आतल्या लोकांनी खाल्लं काय?" वेढा म्हणजे काय, हे त्या एका प्रश्नाने जितकं कळलं तितकं दहा व्याख्यांनी कळलं नसतं. उत्तरासाठी तिला धान्याची कोठारं शोधावी लागली, तलाव शोधावे लागले आणि मग असं दिसलं की वेढा काही सलग आवळलेला नव्हता. संताजी घोरपडे आणि धनाजी जाधव आपल्या फौजा घेऊन आले आणि त्यांनी वेढा घालणाऱ्यांचीच कोंडी केली. 1693 मध्ये झुल्फिकारखानाला वांदिवाशला माघार घ्यावी लागली. छोटूला हे फार आवडलं. कबड्डीत पकडायला आलेल्यालाच पकडल्यासारखं.

वांदिवाश म्हणजे आजचं वंदवासी. सहावीतल्या मुलाचा मामा तिथेच राहतो. नकाशातलं एक गाव असं अचानक घरचं झालं.

डोंगर, दगड आणि माकडं

ऑक्टोबरच्या एका रविवारी आम्ही दोन गाड्या करून जिंजीला गेलो. तुम्ही जाणार असाल तर उजाडताच चढायला लागा. नऊनंतर दगड तापतात.

सह्याद्रीतले किल्ले पाहिलेल्या माणसाला जिंजी पहिल्या नजरेत चकवते. आपल्याकडे काळ्या बेसॉल्टचे सपाट माथे आणि सरळ तुटलेले कडे असतात. इथे राक्षसाने गोट्या खेळून तशाच टाकून दिल्यासारखे ग्रॅनाइटचे अवाढव्य गोल धोंडे एकमेकांवर रचलेले. राजगिरी, कृष्णगिरी आणि चंद्रायनदुर्ग अशा तीन टेकड्या आणि तिन्हींना जोडणारी त्रिकोणी तटबंदी. राजगिरी सर्वांत उंच, सुमारे 800 फूट. माथ्याजवळ खडकात एक खोल भेग आहे आणि पूल ओलांडल्याशिवाय वर जाता येत नाही. बांधकामखातं तिथे उभं राहून एकच म्हणालं, "हा पूल काढून घेतला की संपलं!" कोणत्याही धड्याने तिला हे इतक्या कमी शब्दांत शिकवलं नसतं.

खाली कल्याण महाल आहे, वर निमुळतं होत जाणारं छप्पर असलेला मजल्यांचा मनोरा. जवळच धान्याची भलीमोठी कोठारं. मुलांनी पावलं टाकून लांबी-रुंदी मोजली. पाच जणांची पाच उत्तरं आली, कारण पावलं पाच मापांची! पुन्हा भांडण. मग छोटूच्या पावलाचं माप प्रमाण मानायचं ठरलं. आमच्या किल्ल्याचा सगळा नकाशा 'छोटूपाऊल' या एककात आहे.

आणि माकडं! जिंजीत माकडांचंच राज्य आहे. एकाने जुळ्यांच्या हातातली बिस्किटं पळवली आणि तो बघता बघता उभ्या खडकावर चढून गेला. लेक तिथेच थबकली. "आई, सभासद!" असं ओरडली.

हे जरा उलगडून सांगते. कृष्णाजी अनंत सभासद हे शिवाजी महाराजांच्या पदरी होते. राजाराम महाराज जिंजीत असताना त्यांच्या सांगण्यावरून सभासदांनी शिवाजी महाराजांचं चरित्र लिहिलं. तीच प्रसिद्ध सभासद बखर. महाराजांचं निधन 1680 चं आणि बखर त्यानंतर वीस वर्षांच्या आतली, म्हणजे बघितलेल्या माणसाने लिहिलेली. महाराष्ट्रातल्या इतक्या महत्त्वाच्या ग्रंथाचा संबंध या तमिळ मुलुखातल्या डोंगरांशी आहे, हे मलाही लेकीकडूनच कळलं. कागदपत्रांचं खातं तिचं असल्यामुळे ती बखर वाचत होती. जुनी भाषा अडली की मी मोठ्याने वाचून दाखवायची. सिंहगडाच्या लढाईपाशी आलो तेव्हा दोघीही चपापलो. फेब्रुवारी 1670 ची ती रात्र सभासदांनी लिहिली आहे. आधी निवडक मावळे कड्यावर चढले, कसे, तर माकडं चढतात तसे चपळाईने, आणि त्यांनी वरून सोय केल्यावर बाकीचे तीनशे जण चढले. त्यात घोरपड नाही.

आपल्या सगळ्यांच्या लहानपणीची यशवंती घोरपड! दोर बांधून कड्यावर सोडलेली, एकदा माघारी आलेली, तानाजींनी दटावल्यावर वर जाऊन चिकटलेली. ती घरोघर पोहोचली पोवाड्यांतून आणि गोष्टींतून. बखरीत माकडांची उपमा आहे, घोरपड नाहीच.

आजोबा रुसले

दिवाळीला माझे सासरे साताऱ्याहून आले. नातीने चेन्नईत किल्ला केलाय म्हणून त्यांना कोण आनंद! येताना मावळ्यांचं आख्खं खोकं घेऊन आले होते. पहिल्याच संध्याकाळी पाचही मुलं त्यांच्याभोवती बसली. आजोबांनी तानाजींची गोष्ट सुरू केली, मुलांच्या सोयीसाठी अर्धी हिंदीत. घोरपड आली आणि सहावीतल्या मुलाने अगदी निरागसपणे, आपल्या खास उच्चारात विचारलं, "कशावरून?"

आजोबा हसले. मग लेकीने बखरीतली माकडं सांगितली. आजोबांचं हसू जरा कमी झालं. तेवढ्यावर थांबायचं, तर ती पुढे म्हणाली, "आणि आजोबा, तानाजी पडले म्हणून गडाचं नाव सिंहगड झालं, हेही तसं नाही. 1663 सालच्या महाराजांच्या पत्रात गडाचं नाव सिंहगड असंच आहे. म्हणजे लढाईच्या सात वर्षं आधी."

आजोबा उठून आत गेले. जेवताना एक शब्द बोलले नाहीत. रात्री मला म्हणाले, "माझ्या वडिलांनी मला ही गोष्ट सांगितली, मी तुझ्या नवऱ्याला सांगितली. आता ही चिमुरडी म्हणते ते सगळं खोटं. मग उरलं काय?"

खरं सांगते, त्या रात्री मला वाटलं, हा उद्योग नसता केला तर बरं झालं असतं. इतिहास मजेचा व्हावा म्हणून खटपट केली आणि घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसाचं मन दुखावलं. तुमच्याकडेही हे होईल, याची तयारी ठेवा. मुलं पुरावा मागायला शिकली की ती फक्त पुस्तकाकडे मागत नाहीत. फोनवर आलेल्या संदेशाकडे, शिक्षकांकडे, आपल्याकडेही मागतात. आणि चौदाव्या वर्षी प्रश्न विचारण्यात जी धार असते, ती किती लागते याचा अंदाज नसतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी लेक बखर घेऊन आजोबांच्या खोलीत गेली. दार अर्धवट उघडं होतं म्हणून मला ऐकू आलं. ती लढाईच्या शेवटचा भाग वाचत होती. तिथे महाराजांना बातमी कळते आणि ते म्हणतात, एक गड हाती आला, पण एक गड गेला. सिंह नाही, गड! सभासदांच्या लेखी तानाजी हाच एक गड होता. खूप वेळ खोलीत शांतता होती. मग आजोबांचा आवाज आला, "पुन्हा वाच."

त्यांनी तो भाग तीनदा वाचून घेतला. महाराजांना तानाजी गडाएवढे वाटत होते, हे समजायला घोरपडीची गरज नव्हती. आजोबा बाहेर आले ते चष्मा पुसतच.

त्याच दुपारी टोळीची बैठक झाली आणि मुलांनीच तोडगा काढला. कुठलीही गोष्ट फेकून द्यायची नाही. ज्याला त्या काळाच्या जवळचा लेखी आधार आहे, ते पांढऱ्या चिठ्ठीवर लिहायचं. जे लोक सांगत आले, ते पिवळ्या चिठ्ठीवर. घोरपड पिवळ्या चिठ्ठीवर गेली आणि आजोबांनी आणलेल्या खोक्यातल्या एका मावळ्याच्या शेजारी दिमाखात बसली. आजोबा म्हणाले, "घोरपड नसेल तर नसो, जिंजीला घोरपडे तर होते ना!" संताजींवरून केलेला हा विनोद सहावीतल्या मुलाला समजावून सांगायला दहा मिनिटं लागली, पण मग तो सगळ्यात जास्त हसला.

पिवळी चिठ्ठी त्याच्याही वाट्याला आली होती. त्याच्या पाटीचा राजा देसिंगु, त्याचा अचाट घोडा, जिवाला जीव देणारा मित्र महाबतखान आणि ऐन तारुण्यात आलेलं मरण, हे सगळं तमिळ कथागीतांत आहे. लढाई खरी आहे, 1714 मधली, अर्काटचा नवाब सादतुल्लाखानाविरुद्ध. पण शोधता शोधता कळलं, की देसिंगु म्हणजे तेजसिंह, बुंदेला राजपूत. मुलगा चक्रावला. "म्हणजे आमचा राजा उत्तरेकडचा?" लेक म्हणाली, "आणि आमची बखर तुमच्याकडची." किल्ला कुणाचा, हे भांडण त्यानंतर कुणी काढलं नाही.

एक चकली दंड

आता किल्ल्याबद्दल. चेन्नईत दिवाळी म्हणजे ईशान्य मोसमी पावसाचे दिवस, म्हणून किल्ला तळमजल्याच्या पार्किंगमध्ये केला. सेक्रेटरींनी आधी कुरकुर केली, मग स्वतःची स्कूटर हलवून जागा दिली. विटांचे तीन ढीग, त्यावर ओलं पोतं, चिखल आणि धोंड्यांसाठी शेजारच्या बांधकामावरून मागून आणलेली खडी आणि गोटे. गवत कसं उगवायचं ते मी शिकवणार होते, पण सहावीतल्या मुलाने मला थांबवलं. नवरात्रात तमिळ घरांत बाहुल्यांचा कोलू मांडतात. त्याच्या बाजूला मुलं मोहरी पेरून छोटी बाग करतात. त्याला हे काम माझ्यापेक्षा चांगलं येत होतं. कोलूतल्या दोन बाहुल्याही किल्ल्यावर राहायला आल्या. मावळ्यांच्या दुप्पट उंचीच्या, पण कुणाची हरकत नव्हती.

एका रात्री तिरप्या पावसाने चंद्रायनदुर्ग वाहून गेला. सकाळी पाहिलं तर छोटू रडत होता आणि जुळ्या फावडं घेऊन आल्या होत्या.

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी खेळ मांडला. स्टीलच्या डब्यात सालांच्या चिठ्ठ्या. येणाऱ्या पाहुण्याने एक उचलायची. छोटू त्या सालाचा झेंडा चढवणार: 1677 ला मराठे, 1698 ला मुघल, 1714 ला अर्काटचा नवाब, 1750 ला फ्रेंच, 1761 ला इंग्रज. सालाशिवायच्या चिठ्ठ्याही होत्या, विजयनगरच्या नायकांची आणि विजापूरच्या आदिलशाहीची. झेंडा चढला की टोळीतल्या एकाने एका मिनिटात, पाहुण्याच्या भाषेत, तेव्हा काय घडलं ते सांगायचं. मग पाहुण्याने विचारायचं, "कशावरून?" उत्तर आलं नाही तर टोळीला दंड, एक चकली! इथे तिला मुरुक्कु म्हणतात. पहिल्या तासात टोळीने अकरा चकल्या गमावल्या. आठ वाजता मुलं आलटूनपालटून वर पळत जाऊन पुस्तकं उघडत होती. दिवाळीच्या रात्री, कुणी न सांगता, इतिहासाचं पुस्तक! हे दृश्य मी फोनमध्ये टिपून ठेवलंय. पुढच्या परीक्षेच्या आदल्या रात्री कामाला येईल.

हे तुम्हाला करायचं असेल तर जिंजीच हवी असं मुळीच नाही. मराठी माणूस जिथे राहतो तिथे जवळपास आपल्या इतिहासाचा एखादा धागा सापडतोच आणि त्याच धाग्याचं दुसरं टोक शेजाऱ्याच्या हातात असतं. इंदूरला होळकरांचा राजवाडा, जवळच महेश्वरला अहिल्याबाईंचा घाट. ग्वाल्हेरला शिंदे, बडोद्याला सयाजीराव. कटकचा बाराबती किल्ला अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात नागपूरकर भोसल्यांकडे होता, 1803 पर्यंत. ओडिया शेजाऱ्यांना त्याबद्दल काय आठवतं, हे विचारून बघा. नेहमीच कौतुक ऐकायला मिळेल असं नाही आणि तेही मुलांनी ऐकायलाच हवं. दिल्लीकरांना पानिपत जवळ आहे. तंजावरला तर बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर भोसले घराण्याचा भलामोठा मराठी शिलालेख कोरलेला आहे. तमिळ मंदिरावरची देवनागरी अक्षरं लावताना मुलांचे चेहरे बघण्यासारखे होतात.

पैसे फार लागत नाहीत, वेळ मात्र लागतो. महिना तरी हाताशी ठेवा. मुलं चार ते सहा असू द्या, वयं वेगवेगळी असू द्या आणि एक तरी छोटू हवाच. किल्ला आपण बांधायचा नाही. मूल वाकडा बुरूज बांधत असतं तेव्हा हात शिवशिवतात, मला ठाऊक आहे. त्या वेळी चहा करायला निघून जा. पुण्यात प्लास्टरचे तयार किल्ले मिळतात, सुबक असतात, पण त्यांना कुणी "कशावरून?" विचारत नाही. आणि इंटरनेटवर सापडलेली पहिली ओळ पांढऱ्या चिठ्ठीवर जाऊ देऊ नका. ती कुणी आणि कधी लिहिली हे सापडेपर्यंत तिला पिवळ्यातच ठेवा. आमच्या टोळीने अशा बऱ्याच ओळी पिवळ्यात टाकल्या. दोन मी सांगितलेल्या होत्या.

लेकीला इतिहासात पैकीच्या पैकी मिळू लागलेत असं काही झालेलं नाही. सनावळ्या अजूनही गडबडतात. फक्त परवा ती शाळेतून आली आणि दप्तर टाकता टाकता म्हणाली, "आई, आज बाईंना मी विचारलं, हा तह झाला तेव्हा दुसऱ्या बाजूच्या लोकांनी काय लिहून ठेवलंय?" बाई म्हणाल्या, शोधून आण. आता वर्गातल्या चौघी मिळून शोधताहेत.

तुळशीचं लग्न झाल्यावर किल्ला मोडला. गोटे बांधकामावर परत गेले, बाहुल्या पाटीच्या कपाटात. छोटूने फ्रेंचांचा झेंडा घरी नेला, का ते त्यालाही सांगता आलं नाही. चिठ्ठ्यांचा डबा आमच्याकडे आहे.

गेल्या आठवड्यात साताऱ्याहून फोन आला. आजोबांनी बखरीची स्वतःची प्रत घेतलीय आणि रोज दोन पानं वाचतात. नातीला त्यांनी तीन नवे प्रश्न दिले, टोळीला विचारून उत्तरं कळव म्हणाले. फोन ठेवता ठेवता थांबले आणि जरा हळू आवाजात म्हणाले, "आणि हे बघ, रायगडाच्या हिरकणीचं मात्र शोधू नका हं."

लेकीने फोन ठेवला आणि पिवळ्या चिठ्ठ्या काढल्या.